जनरलसाहेब कन्यादानाला बसतात

दार उघडणारा माणूस आधी माझ्या खांद्यावरून मागे बघतो. मागे कोणी नाही हे दिसलं की विचारतो, "गुरुजी खाली गाडी लावतायत का?" मग मी पिशवी आत ठेवते, पदर खोचते आणि सांगते, "गुरुजी आलेत. चौरंग कुठे मांडायचा?" ठाणे ते कल्याण या पट्ट्यात हा संवाद इतक्या वेळा झालाय, की आता मला तो पूजेचाच पहिला विधी वाटतो.

मी पौरोहित्य करते. आधी टेलिफोनच्या ऑफिसात होते. यजमान गेल्यावर स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि ठाण्याच्या एका वर्गात बायकांना पौरोहित्य शिकवतात असं कळलं म्हणून सहज जाऊन बसले. सहज म्हणते खरी, पण पहिल्याच दिवशी आमच्या गुरुजींनी एका मंत्रातला एकच स्वर तासभर घोटून घेतला, तेव्हा वाटलं, हे आपल्याला हवं होतं. मी विधवा आहे हे कोणी विचारल्याशिवाय सांगत नाही आणि लपवतही नाही. टिकली लावते, कारण मला ती आवडते.

बाहेरून हे काम म्हणजे नुसतं पाठांतर वाटतं. खरं तर पाठांतर निम्मंच. उरलेलं निम्मं म्हणजे माणसं सांभाळणं. सुपारी विसरलेली असते, नवरा-बायकोचं सकाळीच वाजलेलं असतं, कोणाच्या तरी काकांना 'आमच्याकडे असं नसतं' हे सांगायचं असतं. डोंबिवलीतल्या एका सोसायटीने मला नव्या लिफ्टची वास्तुशांत करायला बोलावलं होतं. लिफ्टला वास्तू म्हणायचं का, यावर मी दोन दिवस विचार केला. शेवटी साधी पूजा केली, नारळ वाढवला आणि चेअरमनना म्हटलं, "आता मेन्टेनन्सवाल्यालाही बोलवा, म्हणजे दोन्ही बाजू भक्कम." कोपरला खाडीच्या बाजूच्या एका जुन्या आगरी घरात तर म्हातारी आजी समोर पाय पसरून बसली आणि म्हणाली, "तुला येतं का गो सगला?" पूजा संपेपर्यंत ती हलली नाही. निघताना तिने दक्षिणेबरोबर सुक्या बोंबलांची पुडी माझ्या पिशवीत घातली. पुरोहिताला बोंबील. माझं माहेर अलिबागकडचं, त्यामुळे मला त्यात वावगं काही वाटलं नाही. परीक्षेत पास झाल्याचं ते प्रमाणपत्र होतं, आणि आमटी झकास झाली.

असे किस्से पुष्कळ आहेत. पण या अंकाच्या संपादकांनी 'कामातला अभिमानाचा क्षण' लिहा असं सांगितलं, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे एकच माणूस आला. अमेरिकेच्या सैन्यातले निवृत्त मेजर जनरल, उघड्या अंगावर उपरणं, कमरेला सोवळं आणि गुडघ्याखाली घातलेली उशी.

टेंभी नाक्याजवळ राहणाऱ्या वंदनाताईंच्या मुलाचं, अनिकेतचं लग्न होतं. वंदनाताईंकडे मी वर्षानुवर्षं पूजा सांगते. अनिकेत शिकायला अमेरिकेत गेला, तिथेच नोकरीला लागला आणि क्लेअर नावाच्या मुलीशी त्याचं जमलं. क्लेअरला लग्न ठाण्यात, आमच्या पद्धतीने, सगळ्या विधींसकट हवं होतं. आई नव्हती तिला. ती लहान असतानाच गेली होती. वडील होते, ते येणार होते.

पहिल्या बैठकीला मी गेले तेव्हा यादी, हॉल, जेवण सगळं ठरलेलं होतं. अनिकेतच्या आत्या, पुष्पाताई, विठ्ठलवाडीहून खास आल्या होत्या. भरदार आवाज, सगळ्यांचं करण्याची हौस आणि त्यामुळे सगळं आपल्याला विचारूनच व्हावं असा स्वभाव. त्यांनी मला चहा द्यायच्या आधीच सांगून टाकलं.

"मुलीला गोत्र नाही, आई नाही. म्हणून आम्ही दोघं तिला दत्तक घेतोय. कन्यादान मी आणि आमचे हे करणार. साडीपण घेतली मी."

ही पद्धत नवी नाही. परदेशी मुलगी लग्न करून येते तेव्हा बऱ्याचदा नात्यातलं किंवा ओळखीतलं एखादं जोडपं तिचे आईवडील म्हणून बसतं. मी स्वतः अशी लग्नं लावली आहेत.

"आणि तिचे वडील?" मी विचारलं.

"त्यांना फेटा बांधू. पहिल्या रांगेत सोफा," आत्या म्हणाल्या. "ते विधुर ना. विधुर माणूस कन्यादानाला कसा बसणार? आणि एवढा मोठा माणूस, त्याला पाटावर बसायला लावायचं? बरं नाही दिसत."

यात दुष्टपणा कुठेच नव्हता, हे मला मुद्दाम लिहायचंय. त्यांच्या दृष्टीने त्या एका पोरक्या मुलीला आई देत होत्या. वंदनाताई चहा आणायला आत गेल्या. अनिकेत म्हणाला, "आत्या, मी तिच्या बाबांना बोललेलो की कन्यादान तेच करणार म्हणून," आणि आत्यांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

मी निघाले तेव्हा क्लेअर मला सोडायला खाली आली. लिफ्टमध्ये तिने माझा हात धरला. माझं इंग्रजी टेलिफोन ऑफिसातलं, कामापुरतं. तिचं मराठी अनिकेतने शिकवलेलं, गोड आणि मोडकं. दोन्ही मिळून तिने जे सांगितलं ते असं: बाबांचे गुडघे पॅराशूटच्या उड्यांनी गेलेत. अनिकेतने त्यांना सांगितलं होतं की लग्नात जमिनीवर बसावं लागेल. तेव्हापासून ते रोज संध्याकाळी घरातल्या गालिच्यावर मांडी घालायचा सराव करतात. भिंतीला धरून बसतात, भिंतीला धरून उठतात. आता त्यांना सोफ्यावर बसा हे कोण सांगणार?

"तुम्ही सांगाल का?" ती म्हणाली. "तुम्ही प्रीस्ट आहात. तुमचं ते ऐकतील."

मी हो म्हटलं. वाईट बातमी पुरोहिताने सांगितली की ती शास्त्राची होते आणि कोणाचंच नाव वाईट होत नाही. या कामासाठी लोक मला अनेकदा वापरतात आणि मला ते ठाऊक असतं.

जनरलसाहेब त्याच रात्री अमेरिकेहून येऊन ठाण्याच्या हॉटेलात उतरले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या कोपरच्या घरी आले, सांगितलेल्या वेळेच्या बरेच आधी. रिक्षा कोपऱ्यावर सोडून ते इमारतीच्या फाटकाशी उभे राहिले आणि वेळ झाल्यावरच वर आले, हे मला नंतर वॉचमनने सांगितलं. उंच, केस बारीक कापलेले, शर्ट इस्त्रीचा. दारात त्यांनी बूट काढले आणि ते भिंतीला लावून एका रेषेत ठेवले. माझ्या खांद्यामागे मात्र पाहिलं नाही. "गुड मॉर्निंग, मॅडम. क्लेअर म्हणाली, तुम्ही या लग्नाच्या कमांडर आहात."

इतक्या वर्षांत पहिल्या फटक्यात मला ओळखणारा यजमान हा एकच.

मी खुर्ची पुढे केली तर ते सरळ जमिनीवर बसायला लागले. एक हात टीपॉयवर, एक भिंतीवर, दात आवळलेले. पण बसले, आणि बसल्यावर शाळेतल्या मुलासारखे माझ्याकडे बघून हसले. आता यांना काय सांगू? मी आधी चहा करते म्हणून स्वयंपाकघरात गेले.

चहा पिताना मी उगाच वेळ काढत त्यांना त्यांच्याबद्दल विचारत राहिले. जनरल म्हटलं की आपल्याला तोफा आणि नकाशे दिसतात. यांनी तो भ्रम लगेच दूर केला. ते पुरवठा विभागातले. मक्याच्या शेतांमधल्या एका छोट्या गावात जन्मले, कॉलेजच्या फीसाठी सैन्यात गेले आणि आयुष्यभर ट्रक, डिझेल, पाव आणि पाणी जिथे पोचत नाही तिथे पोचवत राहिले. "लढणाऱ्यांचे पुतळे होतात," ते म्हणाले. "आमची आठवण पाणी संपल्यावर येते." मी म्हटलं, आमचंही तसंच आहे, मुहूर्त टळायला आला की गुरुजी आठवतात. यावर ते मनापासून हसले.

मग ते बोलत गेले. नवीन लेफ्टनंट झाले तेव्हा त्यांच्या म्हाताऱ्या सार्जंटने त्यांना पहिलं काम शिकवलं: रोजची चाल संपली की आपल्या प्रत्येक शिपायाचे पाय बघायचे. मोजे काढायला लावून, गुडघ्यावर बसून, फोड आहेत का, कातडं ओलं आहे का ते बघायचं. अधिकारी शिपायाच्या पायाशी बसतो तेव्हाच तो अधिकारी होतो, असं तो सार्जंट म्हणायचा. जर्मनीत असताना तिथल्या शाळेत शिकवणाऱ्या मुलीशी त्यांनी लग्न केलं. मग वाळवंटातली दोन युद्धं. खांद्यावर पहिला तारा आला तेव्हा ते घरापासून हजारो मैलांवर होते, आणि बायको आजारी असल्याचा निरोप आला तेव्हाही तिथेच होते. पोचेपर्यंत ती गेली होती. क्लेअर तिसरीत होती.

"तिचे पहिले शब्द, पहिलं पाऊल, पडलेला दात, हे मी सगळं फोनवर ऐकलं," ते म्हणाले. "नंतर मला तिसऱ्या ताऱ्याची नेमणूक देऊ केली होती, परदेशात. मी नाही म्हटलं. लोक म्हणाले, मोठा त्याग. त्याग वगैरे काही नव्हता, मॅडम. शाळेतून तिला आणायला कोणी नव्हतं."

दोन ताऱ्यांवर ते निवृत्त झाले. आपल्याकडेही मेजर जनरलच्या गाडीवर दोन तारे असतात. मला त्या क्षणी त्यांचा फार अभिमान वाटला, जणू ते माझेच कोणी भाऊ असावेत.

विषय टाळायला मी त्यांना कन्यादान कसं असतं ते समजावू लागले. स्टीलचा तांब्या आणि परात घेऊन दाखवलंच. खाली नवऱ्या मुलाची ओंजळ, तिच्यावर मुलीचा हात, तो बापाने धरलेला. मुलीची आई झारीतून त्या हातांवर पाण्याची धार धरते आणि पाणी खाली काशाच्या भांड्यात पडतं. तोवर मी मंत्र म्हणते. मंत्र आणि धार संपली की मी सांगते, 'सोडा', आणि बाप हात सोडतो. त्या मंत्रात मुलगी कोणाची पणती, कोणाची नात, कोणाची मुलगी हे नाव घेऊन सांगायचं असतं. माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "तुमच्या वडिलांचं आणि आजोबांचं नाव काय?"

ते स्वतः डॅनियल. वडील वॉल्टर. आजोबा जोसेफ. पणजोबांपर्यंत मंत्र जात नाही, पण ते नाव आपल्याला माहीत नाही हे त्यांनी आपणहून सांगितलं. आजोबा अनाथाश्रमात वाढलेले, त्यांना स्वतःच्या बापाचं नाव कधी कळलंच नाही. "तिथे काय म्हणायचं?" त्यांनी काळजीने विचारलं. "त्यामुळे अडेल का?"

"गोत्र माहीत नसलं की आम्ही काश्यप म्हणतो," मी म्हटलं. "नाव माहीत नसेल तर परमेश्वराचं घेतो. आमच्याकडे कोणी निनावी राहत नाही."

त्यांनी चहाचा शेवटचा घोट घेतला. मग कप खाली ठेवत म्हणाले, "मॅडम, युद्धात गेलेल्या मुलांच्या घरी जाऊन आईबापांना सांगण्याचं काम मी पुष्कळ वेळा केलंय. वाईट बातमी आणणारा माणूस कसा दिसतो ते मला कळतं. तुम्ही माझ्या चहात साखर दोनदा घातलीत. सांगा."

मी सांगितलं. आत्यांचं दत्तक घेणं, विधुराने न बसण्याची रीत, सोफा, फेटा. मी बोलत असताना त्यांचा चेहरा अजिबात हलला नाही. संपल्यावर म्हणाले, "हे तुमचं घर आहे, तुमचे नियम आहेत. मला जिथे बसवाल तिथे मी बसेन." मग उठण्यासाठी भिंतीला हात लावला आणि तसेच थांबले. "एकच विचारू? त्या सोफ्यावरून मला तिचा चेहरा दिसेल का?"

दिसणार नव्हता. हॉल मला माहीत होता. सोफ्यावरून व्हिडिओवाल्याची पाठ दिसते.

ते गेल्यावर मी जेवले नाही. संध्याकाळी कोणी बोलावलेलं नसताना टेंभी नाक्याला गेले. आत्या तिथेच होत्या, रुखवताच्या बरण्यांवर फडकी बांधत होत्या. मी सरळ सांगितलं, "पुष्पाताई, कन्यादानाचा पहिला हक्क बापाचा. बाप हयात असताना दुसऱ्याने बसायचं कारण नाही. माझ्या गुरुजींनी मला हेच शिकवलंय."

"अहो, पण विधुर?"

"बायको शेजारी असावी ही रीत आहे. नसेल तर बापाने बसू नये असं मी कुठे वाचलेलं नाही."

"तुम्ही वाचलं नसेल. आपल्यात चालत नाही," आत्यांचा आवाज चढला. "लग्नकार्य आहे. शुभकार्यात जोडपंच लागतं. उद्या काही झालं तर लोक काय म्हणतील?"

तेव्हा मी ते बोलले. ठरवून गेले नव्हते. "विधुराच्या हातून कन्यादान चालत नसेल, तर विधवेच्या तोंडून मंगलाष्टका कशा चालतील? माझे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, पुष्पाताई. या घरातल्या सगळ्या पूजा मी त्यानंतरच सांगितल्यात. अनिकेतची मुंजसुद्धा."

मी घाबरले होते, हे कबूल करते. हे लग्न हातचं गेलं असतं, आणि लग्नाच्या गोष्टी ठाण्यात वाऱ्यासारख्या पसरतात. पुढची चार कामंही गेली असती. पण मला पश्चात्ताप वाटत नव्हता. वंदनाताई उठल्या, माझ्याजवळ येऊन बसल्या आणि नणंदेला म्हणाल्या, "वन्सं, मला माहीत होतं. मी मुद्दाम यांनाच बोलावते."

आत्या फडक्याची गाठ सोडत आणि पुन्हा बांधत राहिल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "मला दोन्ही मुलगेच. मुलगी व्हावी म्हणून किती काय काय केलं. कन्यादान माझ्या नशिबात नाही असं धरूनच चाललेले. ही पोर आली तर वाटलं..." आणि पदराने डोळे पुसले.

मी लढायला गेले होते आणि समोर ही बाई रडत होती. आत्यांनीच नाक पुसून विचारलं, "आणि मग धार कोण धरणार? आई तर नाहीये तिला."

"ते मुलीच्या वडिलांनी ठरवायचं," मी म्हटलं.

मी जनरलसाहेबांना फोन करून झालेलं सगळं सांगितलं, आत्यांच्या अश्रूंसकट. ते नीट ऐकत होते. दुसऱ्या दिवशी ते क्लेअरला घेऊन विठ्ठलवाडीला आत्यांच्या घरी गेले. त्यांचं इंग्रजी आणि आत्यांचं मराठी, मधे क्लेअर. काय झालं ते मला क्लेअरनेच सांगितलं. त्यांनी आत्यांना नमस्कार केला आणि म्हणाले, "हिची आई गेल्यावर मी दोन्ही जागा सांभाळायचा प्रयत्न केला. बापाची जेमतेम जमली. आईची जागा आजही रिकामी आहे. तिथे तुम्ही बसाल का?" क्लेअरला हे मराठीत सांगता सांगता रडू आलं आणि वाक्य अर्धंच राहिलं. आत्यांना मात्र सगळं समजलं होतं.

लग्नाच्या दिवशी घोळ झाला तो माझ्यामुळे. मी जनरलसाहेबांना सांगितलं होतं की कन्यादान होईपर्यंत मुलीच्या आईवडिलांचा उपास असतो. आपल्याकडे उपास म्हणजे काय हे आपल्याला माहीत असतं: साबुदाण्याची खिचडी, केळी, दाण्याचा लाडू, चहा तर हवा तितका. हे मी त्यांना सांगितलंच नाही. सैनिक माणूस. त्यांनी आदल्या दिवशीच्या दुपारपासून अन्नाचा कण आणि पाण्याचा थेंब तोंडात घातला नव्हता. ठाण्याचा मे महिना. सकाळी हॉलवर आले तेव्हा ओठ सुकलेले आणि चेहरा पांढरा. मला वाटलं, मुलीच्या लग्नाने बाप हळवा झालाय. आत्यांना वाटलं नाही. त्यांनी जवळ जाऊन विचारलं, क्लेअरकडून खरं काढून घेतलं आणि मग सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात दोन ताऱ्यांच्या जनरलला झापलं.

"अहो, उपास म्हणजे उपाशी राहतात होय कोणी? चक्कर येऊन पडाल ना मांडवात. बसा इथे. खिचडी खा आधी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हुकूम कोणाचा मानायचा, असा तो प्रश्न होता. मी मान डोलावली. मग त्यांनी आत्यांच्या हातून खिचडी आणि दोन पेले कोकम सरबत घेतलं, आणि आत्या पदराने वारा घालत शेजारी उभ्या राहिल्या.

नवऱ्या मुलाचे पाय धुण्याचा विधी मी हल्ली गाळते. मुलीच्या बापाने जावयाच्या पायाशी बसावं हे मला पटत नाही, आणि बहुतेक घरांनाही आता ते नको असतं. मी पुढे सरकले तर जनरलसाहेबांनी विचारलं, "अनिकेत म्हणाला होता, इथे पाय धुतात?" मी म्हटलं, त्याची गरज नाही. "पण हे तर मला येतं," ते म्हणाले, आणि कोणी काही म्हणायच्या आत गुडघ्यावर उतरले. अनिकेत लाजून पाय मागे घ्यायला लागला. त्यांनी तो घट्ट धरला, पाणी घातलं, पुसला, आणि पुसता पुसता टाच वळवून नीट पाहिली. नव्या मोजड्यांनी तिथे टरारून फोड आला होता. "हे तू कोणाला सांगितलं नाहीस," ते त्याला म्हणाले. "यापुढे सांगायचं. निदान हिला." मग त्यांनी सोवळ्याच्या कमरेला खोचलेली पट्टी काढून लावली. मी इतकी लग्नं लावली, पण या विधीचा मला आवडेल असा अर्थ त्या दिवशी पहिल्यांदा दिसला. आता मी तो सरसकट गाळत नाही, आधी विचारते.

अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, आणि आम्ही कन्यादानाला बसलो. गुडघ्याखाली मी उशी दिली होती. व्हिडिओवाल्याला मी आधीच दम देऊन बाजूला केलं होतं. खाली अनिकेतची ओंजळ, तिच्यावर क्लेअरचा मेंदीचा हात, तो धरलेला जनरलसाहेबांचा मोठा, डाग पडलेला हात. शेजारी आत्या, नव्या साडीत, झारी दोन्ही हातांनी धरून. त्यांचे यजमान मागे उभे होते आणि सारखे चष्मा पुसत होते.

मी मंत्र सुरू केला. काश्यप गोत्र. जनरलसाहेबांच्या पणजोबांच्या जागी परमेश्वराचं नाव. पणती, नात, मुलगी हा क्रम त्या घाईत चुकू नये म्हणून मी रात्री तो किती तरी वेळा घोकला होता. आता तो बरोबर आला: परमेश्वराने सांभाळलेल्या जोसेफची पणती, वॉल्टरची नात, डॅनियलची मुलगी. मक्याच्या शेतातली ती नावं संस्कृतात बसली आणि ठाण्याच्या हॉलमध्ये ऐकू गेली. स्वतःच्या आजोबांचं नाव आलं तेव्हा जनरलसाहेबांनी मान खाली घातली.

धार पडत होती. नंतर त्यांनी अनिकेतला विचारायचं होतं की तिला सोडून कधी वागणार नाहीस ना, आणि त्याने 'नातिचरामि' म्हणायचं होतं. हॉटेलच्या खोलीत पाठ केलेलं ते संस्कृत वाक्य त्यांनी अशा आवाजात विचारलं की मागच्या रांगेतली कुजबुज थांबली. अनिकेतने तीनही वेळा ताठ बसून उत्तर दिलं. दुसऱ्या वेळेला तो 'सर' म्हणणार होता, पण थांबला.

आता कन्यादानाचा शेवटचा मंत्र आणि मग 'सोडा'. हा शब्द उच्चारताना मी बापांच्या हाताकडे बघत नाही, कारण प्रत्येक बाप थोडा वेळ जास्त धरतो आणि मग मला पुढचं म्हणता येत नाही. या वेळी बघितलं. त्यांची बोटं क्लेअरच्या हाताभोवती होती आणि ती हलत नव्हती. हजारो माणसांना हलवणारा माणूस, पण ही पाच बोटं त्याला उचलता येत नव्हती. क्लेअर त्यांच्याकडे बघत होती. ते सोफ्यावर नव्हते, तिच्या समोर होते, आणि तिचा सगळा चेहरा त्यांना दिसत होता.

मंत्र संपला. मी आत्यांकडे पाहिलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या. त्यांनी झारी जराशी सरळ केली, धार बारीक झाली, दोऱ्याएवढी, पण तुटली नाही. कन्यादानाचा मंत्र दोनदा म्हणायचा नसतो. माझ्या गुरुजींनी ऐकलं असतं तर मला वर्गाबाहेर उभं केलं असतं. मी श्वास घेतला आणि तो पुन्हा पहिल्यापासून, सावकाश, म्हणायला सुरुवात केली.